नंबर नसलेली सही

११ जानेवारी

नोकरीत असताना रोज लिहीत असे. वेळ, वजन, मुलगा की मुलगी, आई कशी आहे. निवृत्त होताना प्रसूतिगृहातली एक कोरी नोंदवही घेऊन आले होते, ती सहा वर्षं कपाटात पडून होती. आज काढली. रकाने छापलेले आहेत, त्यांच्यावरूनच लिहिते आहे.

आज मी सही केली. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचं तर आधी हजारो मतदारांचा लेखी पाठिंबा गोळा करावा लागतो. प्रत्येकाने स्वतः नगरपालिकेत जायचं, ओळखपत्र दाखवायचं, कारकुनासमोर सही आणि अंगठा करायचा. कारकून शिक्का मारतो, रजिस्टरमध्ये नाव चढवतो आणि रजिस्टरचा नंबर अर्जावर टाकतो. एका माणसाला एकाच उमेदवारासाठी सही करता येते. मी डॉक्टर रश्दी बूतालेब यांच्यासाठी केली. आमच्या भागातली पहिली.

तीन नंबरच्या खिडकीत माझा तौफीकच बसला होता. आईला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"यम्मा, याबद्दल घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? शिक्का घरी आहे का तुझा?"

मागे उभा असलेला एक म्हातारा हसला. तौफीकने इकडेतिकडे पाहिलं, शिक्का मारला आणि अर्ज खिडकीखालून सरकवला. घरी येऊन चष्मा लावून पाहते तो नंबराची जागा कोरी. त्याचं अक्षर लहानपणापासून चांगलं, बापासारखी सातच्या आकड्यावर आडवी रेघ मारतो, पण काम अर्धवट टाकायची खोड काही गेली नाही. औषधाच्या दुकानातला लखदर म्हणाला, शिक्का आहे ना, पुरे झालं.

१४ जानेवारी

वरदाने सही केली. तिला समजवावं लागलं नाही. "ज्याने मला बाहेर काढलं त्याच्यासाठी अंगठा उठवायला विचार कसला करायचा, खालती," म्हणाली. खालती म्हणजे मावशी, गावातल्या सगळ्या पोरी मला तसंच म्हणतात.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाकडे येणारे दोन्ही रस्ते हत्यारबंद लोकांनी अडवले होते. इस्पितळातले सगळे डॉक्टर रजेवर गेले होते. म्हणजे पळाले होते. वरदाची आई दोन दिवस अडली होती, बाळ आडवं, मी एकटी. दुपारी बेकरीची गाडी आवारात शिरली आणि पावाच्या टोपल्यांखालून एक पोरगेलासा डॉक्टर बाहेर आला. तीस किलोमीटर तो टोपल्यांखाली पालथा पडून आला होता. कोटाला पीठ, केसांत पावाचा चुरा. मी म्हटलं, आधी झटका तरी. बाईंना मानाने लाला म्हणतात, तसं तो म्हणाला, "लाला यमीना, पाणी उकळलंय ना? मग चला." वरदा रडायला लागली तेव्हा तोही रडत होता.

एवढं पाहिल्यावर भाषणं ऐकायची गरज राहत नाही. तरी मी ऐकली. प्रत्येक तालुक्याला शस्त्रक्रियेची सोय, आणि घरांची यादी ओळखीवर नाही तर गरजेवर. दुसरी गोष्ट वरदाने मला तीनदा म्हणायला लावली. नवरा, चार मुलं, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि खोली एक. भिंतीला हात लावला की हात ओला होतो. धाकटी ईनेस दोन वर्षांची आहे, तिची छाती बाहेरच्या बोळातूनही वाजताना ऐकू येते. सरकारी घरासाठी अर्ज करून अकरा वर्षं झाली. यंदाच्या यादीत नाव नक्की आहे असं तिच्या नवऱ्याला, अईसाला, आतून कळलं आहे.

२१ जानेवारी

त्रेचाळीस झाल्या. माझी धरून. बहुतेक बायका आहेत, आणि बहुतेकींची बाळंतपणं मी केलेली. मी दार वाजवलं की पूर्वी उकळतं पाणी मागत असे, आता ओळखपत्र मागते, असं बेकरीवाली फ्तीमा म्हणाली. तिच्या सासऱ्याने विचारलं, "हा डॉक्टर डोळ्याचं औषध फुकट देईल का?" मी म्हटलं, देईल. म्हातारा लगेच टोपी शोधायला लागला.

तौफीक जेवताना म्हणाला, "यम्मा, आता थांब. त्रेचाळीस पुष्कळ झाल्या."

"तुला कसं माहीत त्रेचाळीस?"

"रजिस्टर कोण लिहितं?"

"मग चांगलंच आहे की. आईचं काम मुलाच्या हातून होतंय."

त्याने चमचा खाली ठेवला. सून समीहाने माझ्या ताटात न विचारता आणखी वाढलं. लग्नाला आठ वर्षं झाली, आता कुठे पाचवा महिना लागलाय. घरात आवाज चढला की ती पोटावर हात ठेवते. तिच्याकडे पाहून मी त्रेचाळीसवरच थांबायचं ठरवलं. तौफीकनेही घरासाठी अर्ज केलेला आहे, पण आमच्याकडे तीन खोल्या आहेत, कोरड्या आहेत. त्याला मी घाई नाही असंच सांगत आले.

२८ जानेवारी

डॉक्टरांनी लखदरच्या औषधाच्या दुकानात फोन केला. आमच्या गावात त्यांचं काम लखदर पाहतो. मी तिथेच होते. "लाला यमीना आहेत का? द्या त्यांना." आवाज तसाच आहे. म्हणाले, "तुमच्या गावाच्या सह्यांचा आकडा ऐकून मला हुरूप येतो." मी म्हटलं, कोटाला पीठ लागलं असेल तर झटका आता, लोक पाहताहेत. ते खूप हसले. मग लखदर दिवसभर मला 'सल्लागारबाई' म्हणत होता.

३ फेब्रुवारी

दुपारी एकच्या बातम्या. सगळ्यात शेवटी, हवामानाच्या आधी, डॉक्टर बूतालेब यांनी उमेदवारीतून माघार घेतली. देशाच्या व्यापक हितासाठी. त्यांचा जुना फोटो दाखवला, बोलताना दाखवलं नाही. मग उद्या उत्तरेकडे पाऊस.

मी चुलीवर आमटी ठेवली होती, चोरबा. ती करपली.

समीहा म्हणाली, "यम्मा, टीव्ही बंद करू?" मी म्हटलं, हवामान ऐकू दे.

४ फेब्रुवारी

त्यांना दम दिला असणार. मुलं परदेशात शिकताहेत, त्यांचं काही केलं असेल. किंवा तब्येत. त्या काळातही त्यांना पोटाचा त्रास होता. माणूस इतकी वर्षं टिकतो आणि एका दुपारी बदलतो असं होत नाही. मी दहा वेळा फोन लावला. एकदा एका बाईने उचलला. "डॉक्टरसाहेब तुमच्या भावनांबद्दल आभारी आहेत." मी अजून भावना सांगितल्याच नव्हत्या.

६ फेब्रुवारी

लखदरने दुकानाच्या काचेवरचा डॉक्टरांचा फोटो उतरवला. चिकटपट्टीचे चार कोपरे काचेवर तसेच आहेत. त्याने मला काउंटरमागे नेलं आणि अर्जांची पिशवी हातात दिली. अजून राजधानीला पाठवायचे होते ते.

"जाळून टाक, यमीना."

"सी लखदर, ही माणसांची नावं आहेत," मी मान ठेवूनच म्हटलं.

"म्हणूनच सांगतो, जाळ."

"रजिस्टरमध्ये तर आहेतच ना? मग जाळून काय होणार?"

तो काउंटरवर गेला. एका गिऱ्हाईकाला खोकल्याचं औषध दिलं, सुटे पैसे द्यायला विसरला.

९ फेब्रुवारी

मी जाळले नाहीत. ज्याचे त्याला परत करायचे ठरवलं. ज्या दारातून नेले त्याच दारात. दोन दिवस फिरते आहे.

फ्तीमाने अर्ज हातात घेतला, न वाचता भट्टीत टाकला आणि म्हणाली, "चला, कशाच्या तरी कामी आला. आज पाव जरा जास्त फुगेल." तिच्या सासऱ्याला डोळ्याच्या औषधाचं काय झालं ते हवं होतं. मी माझ्या पैशांनी आणून देईन म्हणाले. "म्हणजे तूच उभी राहिली होतीस की काय?" म्हातारा म्हणाला.

शिक्षिका असलेली नाजिया दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. "खालती, मला दुसऱ्या उमेदवारासाठी सही करता आली असती. तो अजून आहे मैदानात. माझी एकच सही होती, ती तुम्ही नेलीत." मी क्षमा मागितली. तिने अर्जाची नीट चौघडी केली. ते मला जास्त लागलं.

वरदाने अर्ज भिंतीवरच्या खिळ्याला लावला, आईच्या फोटोखाली. "त्यांना काही अडचण असेल, खालती. मोठ्या माणसांच्या अडचणीही मोठ्या." ईनेस माझ्या मांडीवर झोपली. झोपेत तिची छाती वाजत होती, चहाच्या किटलीसारखी.

माझा अर्ज माझ्यापाशी आहे. या वहीत ठेवला.

१६ फेब्रुवारी

बोलावणी सुरू झाली. चौकातल्या पिवळ्या इमारतीतून, म्हणजे सुरक्षावाल्यांकडून, फोन येतो, 'सवड झाली की येऊन जा, एक साधा प्रश्न आहे.' आधी अईसाला आणि वरदाला. तिथे कॉफी दिली म्हणे. विचारलं, सही कोणाच्या सांगण्यावरून केली. वरदा म्हणाली, कोणाच्या नाही, मला जन्मापासून माहीत आहेत ते. साहेब हसले. निघताना सहज बोलावं तसं म्हणाले, तुमच्या घराच्या फाइलमध्ये एक कागद कमी दिसतो.

अकरा वर्षांत त्या फाइलमध्ये कागद कमी नव्हता. एकेक कागद मीच लावून दिला होता.

तौफीकला विचारलं, कोणता कागद? तो म्हणाला, घरांचं खातं वेगळं आहे, मला काय माहीत.

१८ फेब्रुवारी

फ्तीमाला बोलावलं. तिच्या सासऱ्याला बोलावलं, त्याने तिथेही डोळ्याच्या औषधाचं विचारलं. नाजियाला बोलावलं. मग लखदरला, तो घरी येऊन झोपून आहे, दुकान बंद.

मी चांगले कपडे इस्त्री करून ठेवले आहेत. काय सांगायचं ते ठरवलं आहे. मीच सगळ्यांना नेलं, त्यांना काही कळत नव्हतं, मला विचारा.

२१ फेब्रुवारी

आज हमामात गेले. वाफेत कोणाचं तोंड दिसत नाही, आवाज मात्र सगळे ऐकू येतात. कोणीतरी म्हणालं, "सगळ्यांना बोलावणं आलं. जिने घरोघरी जाऊन बोलावलं, तिला नाही."

दुसरी म्हणाली, "तिचा मुलगा खिडकीत बसतो बाई. आपला कुठे बसतो?"

मी बादली आपटली म्हणजे मी आहे हे कळेल.  पाठ चोळणारी झुबैदा, जिची तिन्ही मुलं माझ्या हातची, तिने माझी पाठ चोळली नाही. आज गर्दी आहे म्हणाली. गर्दी नव्हती.

माणसं घाबरली की असं बोलतात. मला बोलावलं नाही, कारण माझं वय झालं. आणि त्या इमारतीतल्या अर्ध्या लोकांच्या बायका माझ्याकडे बाळंत झाल्या आहेत. थोडी तरी लाज असते माणसाला.

२३ फेब्रुवारी

वाट पाहण्यापेक्षा मीच गेले. साहेब तरुण आहे, सभ्य आहे, वयाचा मान ठेवून मला हाज्जा म्हणतो. कॉफी दिली. मी माझं म्हणणं सांगितलं: या बायकांना मी नेलं, जे काय असेल ते माझ्यावर लिहा.

त्याने यादी काढली. बोटाने वरून खाली, मग पुन्हा वरून खाली. "हाज्जा, तुमचं नाव इथे नाही."

"नीट पाहा. सगळ्यात आधी मीच केली. अकरा जानेवारी."

"बेचाळीस आहेत. तुम्ही नाही." मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही पहिल्यांदाच बाळंत होणाऱ्या पोरीकडे पाहायचो. "घरी जा, हाज्जा. मुलाला सलाम सांगा."

सभ्य माणूस आहे. मला वाचवायला खोटं बोलला असावा. तौफीकला त्याचा सलाम सांगितला. तौफीक बूट काढत होता, एक बूट हातात घेऊन तो बराच वेळ बसून राहिला. म्हटलं, पाय दुखतोय का? हो म्हणाला.

२६ फेब्रुवारी

डॉक्टर बूतालेब टीव्हीवर दिसले. राष्ट्राध्यक्षांच्या सभेत, दुसऱ्या रांगेत. टाळ्या वाजवत होते. हळू, पण वाजवत होते. त्यांना आरोग्याच्या कुठल्या तरी मोठ्या समितीचं प्रमुख केलं आहे.

समीहाने टीव्ही बंद केला, या वेळी न विचारता.

संध्याकाळी फोन वाजला. तेच होते, स्वतः.

"लाला यमीना, तुम्ही रागावला असाल."

मी म्हटलं, तुमची तब्येत कशी आहे?

"बरी आहे." मग स्वतःहूनच म्हणाले, "त्यांनी मला एक फाइल दाखवली. त्यात काय होतं ते विचारू नका. मी एकटा असतो तर वेगळं होतं. समितीत राहून निदान थोडं काही करता येईल."

"आमच्याकडे शस्त्रक्रियेची सोय होईल?"

"प्रयत्न करीन."

"वरदाला घर मिळेल?"

"कोण वरदा?"

मी सांगितलं नाही. मला वाटलं, आठवेल. ते थांबले, पण आठवायला नाही. म्हणाले, "सह्यांच्या याद्याही त्यांनी मला दाखवल्या, गावागावांच्या. तुमच्या गावची पानं पाहिली. तुमचं नाव नव्हतं. मला आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, बरं झालं. कोणीतरी शहाणं निघालं."

मी म्हटलं, मी केली होती.

"हो हो," ते म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं. "बरं केलंत, लाला. काळजी घ्या."

त्यांना वाटतं मी खोटं बोलते. पावाच्या गाडीतून आलेल्या त्या पोराला मी एवढंच विचारायला हवं होतं, की त्या दिवशी तुम्ही एकटेच होतात ना? मग आज कोण होतं बरोबर? फोन ठेवल्यावर सुचलं.

२ मार्च

घरांची यादी लागली. नगरपालिकेच्या भिंतीवर सकाळी दहाला डकवली आणि साडेदहाला भिंत दिसेनाशी झाली. एक म्हातारा चक्कर येऊन पडला, त्याचं नाव होतं म्हणून की नव्हतं म्हणून ते कोणाला कळलं नाही.

मी दुपारी गेले, गर्दी ओसरल्यावर. एकतिसाव्या ओळीवर तौफीक. आमचा तौफीक. बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. नव्या वसाहतीत, तिसरा मजला. मी भिंतीला हात टेकवून उभी राहिले. आठ वर्षांनी मूल आणि आता घर. देवा, तू देतोस तेव्हा दोन्ही हातांनी देतोस.

मग वरदाचं नाव शोधलं. वरपासून खालपर्यंत. आडनावाने, मग नवऱ्याच्या नावाने, मग शेजारच्या वस्तीच्या यादीत. पुन्हा पहिल्यापासून. नाही. त्या बेचाळीसपैकी यंदाच्या यादीत येतील असे सहा जण होते. सहाही नाहीत.

घरी समीहाने बदामाचे लाडू केले होते. तोंडात घातला. अर्धा परत ताटात ठेवला.

आत्ता वही उघडली तर माझा अर्ज निसटून खाली पडला. अंगठा आहे, सही आहे, शिक्का आहे. नंबराची जागा कोरी आहे.

वरदाच्या भिंतीवरच्या अर्जावर नंबर आहे. एक.

३ मार्च

तौफीक कामावर जायच्या आधी मी दारात उभी राहिले. अर्ज त्याच्यासमोर धरला.

"हा नंबर विसरलास का रे?"

त्याने अर्जाकडे पाहिलं नाही. "यम्मा, उशीर होतोय."

"विसरलास, की टाकला नाहीस?"

समीहा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थांबली.

"तुला काय वाटतं?" तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच वरून निरोप होता. रजिस्टरची प्रत रोज संध्याकाळी द्यायची. प्रत्येक नाव. मी तुला घरी बोलू म्हटलं होतं. तू ऐकलंस? त्या अख्ख्या रजिस्टरमधून मला एक ओळ वगळता येत होती. एकच. दोन वगळल्या असत्या तर मी गेलो असतो."

"मग वरदाची वगळायची होती."

"वरदा माझी आई नाही."

 चौतीस वर्षं मी अशा दारांत उभी राहिले, जिथे विचारतात, आई की मूल. त्या वेळी उत्तर देणाऱ्याला मी कधी नावं ठेवली नाहीत.

पण मग मी विचारलं, "आणि एकतिसावी ओळ?"

"माझी चौदा वर्षांची नोकरी आहे. माझा नंबर आला."

"माझं नाव रजिस्टरमध्ये असतं, तर आला असता?"

तो बूट न बांधताच गेला. समीहा म्हणाली, "यम्मा, मी तुमच्या पाया पडते. हे इथेच राहू द्या." पोटावर हात होता. बाळ वर सरकलं आहे, मुलगी असावी.

६ मार्च

शुक्रवार. कुसकुस केला, तिघांनी आपापल्या वेळी खाल्ला.

यादीवर तक्रार करायला आठ दिवस असतात. ९ मार्चला संध्याकाळी खिडकी बंद. वरदाचा तक्रार अर्ज मीच लिहिला असता, गेली अकरा वर्षं मीच लिहीत आले आहे. बोळात ती समोरून आली. पाण्याचे डबे दोन्ही हातांत. मी म्हटलं, वरदा, अर्ज लिहून देते. ती म्हणाली, "नाजियाने दिला लिहून. मुबारक असो, खालती. तिसरा मजला म्हणजे ऊन चांगलं येईल." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. आत ईनेस खोकत होती.

८ मार्च

दिवसभर विचार केला, हे मी कोणासाठी करायचं? डॉक्टरसाठी नाही. तो दुसऱ्या रांगेत बसला आहे, त्याला बसू दे. वरदाला माझ्या कागदाने घर मिळेल याची खात्री नाही. बहुधा मिळणार नाही. तौफीकचं मात्र जाईल, ते नक्की. नातीचं जाईल. तीन कोरड्या खोल्या आहेत, मूल ओल्या भिंतीत वाढणार नाही, पण ते समीहाला सांगून पाहा.

तरी मी सही केली होती. त्या दिवशी ज्या माणसासाठी केली तो आता नाही, पण सही माझी होती. माझ्या शब्दावर बेचाळीस जणांनी अंगठे उठवले आणि त्यांच्यातून मला उचलून बाजूला ठेवलं. गावात लोक म्हणतात, हिला आधीपासून माहीत होतं. मी उद्या मेले तर माझ्या मागे हेच राहील, की यमीना सुईणीने सगळ्यांना आत नेलं आणि स्वतः दाराबाहेर थांबली.

अर्ज लिहिला. चार ओळी. अकरा जानेवारीला मी सही केली. शिक्का आहे, नंबर राहिला आहे, तो लावावा. एकतिसाव्या ओळीवरचा अर्जदार माझा मुलगा असून माझ्याच घरात राहतो. ज्या कारणाने सहा कुटुंबांची नावं काढली ते कारण आमच्याही घरात आहे. तेव्हा एकतर आमचंही काढावं, नाहीतर त्यांची परत लावावी. मूळ सही सोबत जोडली आहे.

पुन्हा वाचून पाहिला. चूक नाही.

९ मार्च

सकाळी तौफीक गेल्यावर निघाले. समीहाने मला कपडे घालताना पाहिलं. ती तिची पिशवी भरत होती. आईकडे जाते म्हणाली, थोडे दिवस.

तक्रारींची खिडकी तीन नंबरचीच. रांग दरवाजाच्या बाहेरपर्यंत. कोणी मला सलाम केला नाही, कोणी पुढेही जाऊ दिलं नाही, आणि तेच योग्य होतं. तास दीड तास उभी होते. मध्येच मागे वरदा येऊन उभी राहिली, हातात नाजियाने लिहिलेला कागद. मी मागे वळले नाही. तिच्या कागदाचा आवाज ऐकू येत होता.

माझी पाळी आली. तौफीकने मान वर केली.

"यम्मा." अगदी हळू. "घरी जा."

मी कागद खिडकीखालून सरकवला. त्याने वाचला. चारच ओळी होत्या, पण त्याला खूप वेळ लागला. मग जोडलेली सही पाहिली, उलटी करून मागची बाजू पाहिली, जणू तिथे काही लिहिलेलं असेल.

"यम्मा, हे केलंस तर माझी नोकरीही जाईल. नंबर का नाही म्हणून मलाच विचारतील."

"विचारतील."

"आणि समीहा?"

"तिचं बाळंतपण मी करीन."

मागून कोणीतरी ओरडलं, गप्पा घरी मारा, आमचा जेवायचा वेळ होतोय. तौफीकने त्याच्या नगरपालिकेच्या साहेबांच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. त्याला कागद टोपलीत टाकता आला असता, किंवा उद्या ये म्हणता आलं असतं, आणि उद्या खिडकी बंद असती. हे मलाही माहीत होतं, त्यालाही.

"शिक्का तेव्हाच मारलास," मी म्हटलं. "आता नंबर टाक."

तेवढ्यात पाठीमागून वरदाने माझ्या खांद्याला हात लावला. महिन्याभरात पहिल्यांदा. "खालती," ती म्हणाली, "काय लिहिलंय तुम्ही?"  माझं लक्ष त्याच्या पेनाकडे होतं.

घरी कोणी नाही. समीहाची चादर घडी घालून ठेवलेली आहे. तौफीक अजून आलेला नाही, पाच वाजून गेले. त्याच्यासाठी चोरबा ठेवला आहे, आज करपू दिला नाही.

तक्रारीची पावती या पानात ठेवते. नंबर सदतीस. अक्षर चांगलं आहे. सातावरची आडवी रेघसुद्धा विसरला नाही.